गावचे पाणी

वेलचेरीला राहावयास आल्यापासून मी एक मोजदाद करून ठेवली आहे. आमच्या इमारतीच्या दारापासून विजयनगरच्या बस-स्थानकापर्यंत पायी जावयास मला पंचवीस मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वाटेवर दंतवैद्यांच्या नऊ पाट्या आहेत. मोजण्याची ही खोड खात्याची. तीस वर्षे हिशेब-तपासणीत घालविलेला मनुष्य देवळात गेला तरी आधी पायऱ्या मोजतो. त्या नऊही पाट्यांवर एकेक हसरा चेहरा रंगविलेला आहे. चेहरे निरनिराळे, दात मात्र एकाच साच्यातून काढल्यासारखे, पांढरे आणि एका ओळीत लावलेले. संध्याकाळी फिरावयास निघालो की त्या चेहऱ्यांकडे पाहून मी मनातल्या मनात हसत असे. गेल्या श्रावणात मात्र त्यांतल्याच एका पाटीखालचा जिना मला माझ्या मुलीबरोबर चढावा लागला, आणि माझे ते हसू रस्त्यावरच राहिले.

मुलगी पंचवीस वर्षांची आहे. येथून जवळच, तरमणीला, एका संगणकाच्या कंपनीत ती काम करते. तिच्या वरच्या पुढच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे आहेत, आणि त्या पट्ट्यांच्या मधून खडूसारखे पांढरे डाग. दात सरळ आहेत, बळकट आहेत, आजवर त्यांतला एकही किडलेला नाही. परंतु पाहणाऱ्याला हे कसे कळावे? एका लग्नात दूरच्या नात्यातल्या एका बाईंनी तिला बाजूला घेऊन, अगदी मायेने, "मिश्री लावतेस का गं?" असे विचारले होते. तिने ते घरी येऊन हसत हसत सांगितले आणि आम्हीही हसलो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी रात्री जेवण झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मला वरच्या आठ दातांवर व्हिनिअर बसवून घ्यायचे आहेत. पैसे माझे आहेत. तुमचा सल्ला हवा आहे, मंजुरी नको."

सरकारी नोकराच्या घरात वाढलेल्या मुलीला सल्ला आणि मंजुरी यांतला भेद समजावून द्यावा लागत नाही. मी म्हणालो, "ठीक आहे. आधी कागदपत्रे पाहू."

व्हिनिअर हा शब्द मला सुतारकामामुळे ठाऊक होता. साध्या लाकडाच्या कपाटाला सागाचा पातळ पापुद्रा चिकटवितात आणि कपाट सागवानी दिसू लागते, तो व्हिनिअर. दाताचा व्हिनिअर त्याच जातीचा. पोर्सेलिनची, म्हणजे चिनीमातीची, हाताच्या नखाएवढी जाड एक चकती तयार करून ती दाताच्या दर्शनी अंगावर कायमची चिकटवितात. आमच्या घरातली कपबशी ज्या कुळातली, त्याच कुळातली ही चकती. फक्त अधिक निगुतीने घडविलेली. 'वरून चिकटवायचे, म्हणजे त्यात अवघड ते काय?' अशा समजुतीने मी तो जिना चढलो होतो.

दंतवैद्य बाई मुलीहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी दिवा जवळ घेऊन दात पाहिले, आरसा खाली ठेवला आणि पहिलाच प्रश्न असा विचारला, की जो तोवर आम्हाला कोणीही विचारला नव्हता. तंबाखूचा नव्हे, चहाचाही नव्हे. त्यांनी विचारले, "लहानपणी तुम्ही कोठले पाणी पीत होता?"

मुलीने माझ्याकडे पाहिले. उत्तर मला द्यावयाचे होते.

बाई स्वतः धर्मपुरी जिल्ह्यातल्या. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे दात असेच होते, असे त्या म्हणाल्या. त्या भागातल्या जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड फार. पुढे होगेनक्कलहून कावेरीचे पाणी नळाने आणण्याची मोठी योजना झाली आणि २०१३ साली ते पाणी धर्मपुरी व कृष्णगिरी जिल्ह्यांत खेळू लागले. पण तोवर त्यांची पिढी मोठी झाली होती. लिटरमागे एक मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड पिण्याच्या पाण्यात नसावे, दुसरे पाणीच मिळत नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावे, असे आपले भारतीय मानक आहे. त्याहून अधिक असलेले पाणी मूल पीत राहिले, तर हिरडीच्या आत घडत असलेल्या दाताचे कवच नीट पक्व होत नाही. या विकाराला दातांचा फ्लोरोसिस म्हणतात. त्यात एक विलक्षण गोष्ट अशी, की हे सर्व साधारणतः आठव्या वर्षापर्यंत घडते. दात एकदा तयार झाला की मग तेच पाणी जन्मभर प्यायले तरी दाताला डाग पडत नाही. म्हणजे डाग दिसतात ते पुष्कळ पुढे, आणि पडलेले असतात ते फार मागे.

बाई हे सर्व मुलीला सांगत होत्या. मी मात्र मनाने शिलाँगला पोहोचलो होतो.

२००१ साली माझी बदली शिलाँगला झाली, तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. तेथल्या ओल्या थंडीत तिची छाती दर आठ दिवसांनी भरून येई. धाकटा पोटात होता. डॉक्टरांनी कोरड्या हवेत ठेवावयास सांगितले. आणि कोरड्या हवेचे आमचे हक्काचे ठिकाण एकच होते. यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला, आमचे गाव आहे. तेथे माझी आई होती. 'वर्षभराचा प्रश्न' म्हणून मुलीला आईजवळ ठेवले, आणि बदलीच्या नोकरीत वर्षभराच्या गोष्टींचे जे होते तेच झाले. ती परत आमच्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची झाली होती. आली तेव्हा तिचे दुधाचे दात मोगऱ्याच्या कळ्यांसारखे होते. सातव्या वर्षी ते पडून नवे आले, ते पट्ट्यांसकट. तिच्या आईने दंतमंजने बदलली, मी चहा बंद केला. गाव सुटले होते, पाणी सुटले होते. पण दात आतल्या आत आधीच डागाळून बसले होते, हे आम्हाला कोठून कळणार? शिलाँगला जन्मलेल्या धाकट्याचे दात पांढरे स्वच्छ आहेत.

येथवरची हकीकत मी त्या बाईंना सांगितली. पुढची सांगितली नाही.

गावी आमच्या वाड्यामागे एक जुनी विहीर होती. तिचे पाणी पिऊन मी वाढलो, आणि माझे दात चांगले आहेत. परंतु त्या विहिरीच्या पाण्याने दर पावसाळ्यात गावात हगवण येई. मी नोकरीला लागल्यावर आईने एकच मागणे मागितले: आमच्या आळीला हातपंप मिळावा. १९९६ साली सुट्टीवर गेलो असता तो अर्ज मी स्वतः लिहिला, आळीतल्या लोकांच्या सह्या घेतल्या आणि सरकारी नोकराला जी चार दारे माहीत असतात ती ठोठावून तो मंजूर करून आणला. खोल बोअर घेतली गेली. काचेसारखे स्वच्छ पाणी लागले. हगवण थांबली. आईने पंपाला हळदकुंकू वाहिले. जंतू वरच्या पाण्यात असतात आणि फ्लोराइड खालच्या खडकात असते. एक टाळावयास जितके खोल जावे तितके दुसऱ्याच्या जवळ जाण्याचा संभव अधिक, हे त्या वेळी मला ठाऊक नव्हते. काही वर्षांनी पाणी तपासणारे लोक येऊन गेले आणि पंपाच्या दांड्याला तांबडा रंग फासून गेले. तोवर माझी मुलगी ते पाणी पिऊन माझ्याकडे परत आली होती. आई शेवटची काही वर्षे कमरेत वाकून गेली होती. वय झाले, असे आम्ही म्हणत होतो. हे पाणी पुष्कळ वर्षे पोटात गेले तर हाडांत साठते आणि सांधे आखडतात, हे कळल्यापासून मी वयाचे नाव घेत नाही.

त्या रात्री मी वाचीत बसलो. अडचणीत सापडला की अधिकारी जुनी कागदपत्रे उपसतो. वाचता वाचता जे हाती लागले त्याने माझी झोप उडाली. हिंदुस्थानातल्या फ्लोरोसिसची पहिली नोंद १९३७ सालची आहे. तत्कालीन मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्याची. ती ज्यांनी प्रसिद्ध केली त्यांत शॉर्ट आणि राघवाचारी यांच्याबरोबर तिसरे नाव आहे ते सी. जी. पंडित यांचे. चिंतामण गोविंद पंडित. गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये काम करणारा मराठी मनुष्य. पुढे हेच पंडित भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले आणि १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ते किंग इन्स्टिट्यूट आमच्या घरापासून तासाभराच्याही वाटेवर नाही. नोकरीच्या निमित्ताने मद्रासेत येऊन राहिलेल्या एका मराठी माणसाने लिहून ठेवलेली गोष्ट, साठ वर्षांनी अर्ज लिहिताना दुसऱ्या मराठी सरकारी नोकराला ठाऊक नव्हती. आमच्या खात्यात याला 'माहिती उपलब्ध असूनही विचारात न घेणे' असा शेरा मारतात. असे शेरे मी शेकड्यांनी मारलेले आहेत.

मन असे अस्वस्थ झाले की मी हिशेब मांडतो. दुसऱ्या दिवशी एक कोरा कागद घेऊन मधोमध रेघ ओढली. डावीकडे लाभ, उजवीकडे हानी. दंतवैद्य बाईंनी सांगितले ते आणि मी वाचले ते, सर्व लिहून काढले.

लाभाची बाजू दुबळी नव्हती. पोर्सेलिनवर चहा-कॉफीचे डाग बसत नाहीत. त्यातून प्रकाश काहीसा आत शिरतो आणि परततो, म्हणून ते खऱ्या दातासारखे जिवंत दिसते. नुसत्या पांढऱ्या रंगासारखे दिसत नाही. हिरडीला ते मानवते. दोन-तीन खेपांत काम होते. नीट बसविलेला व्हिनिअर दहा वर्षे सहज टिकतो, पुष्कळदा पंधरा. त्याहून स्वस्त असे कॉम्पोझिटचे लेप आहेत, परंतु ते लवकर झिजतात आणि त्यांच्यावर डागही पडतात. दात नुसते उजळविण्याची औषधे आहेत, पण फ्लोरोसिसच्या गडद तपकिरी पट्ट्यांपुढे त्यांचे फारसे चालत नाही.

उजवी बाजू मात्र लिहिता लिहिता पानाच्या तळाशी गेली. पहिली नोंदच अशी, की व्हिनिअर नुसता चिकटवीत नाहीत. त्याला जागा करून द्यावयाची म्हणून खऱ्या दाताचे कवच साधारण अर्धा मिलिमीटर खरवडून काढतात. एनॅमल, आपल्या ग्रंथांतले दंतवल्क, हा माणसाच्या देहातला सर्वांत कठीण पदार्थ. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते. एनॅमल एकदा गेले की पुन्हा येत नाही, कारण ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच नाहीशा झालेल्या असतात. पुढच्या दातावर त्याची एकूण जाडी ती किती? हिरडीपाशी अर्ध्या मिलिमीटरच्याही आतबाहेर, आणि कडेकडे सुमारे एक. एवढ्याशा ठेवीतून अर्धा मिलिमीटर काढावयाचा! खरवडणे एनॅमलपुरते राहिले तर चकती घट्ट बसते. खालच्या दंतिनापर्यंत गेले तर पकड ढिली होते आणि दात गार पाण्याने शिणशिणू लागतो. शिवाय फ्लोराइडने घडलेले एनॅमल आम्लाला सहजी दाद देत नाही, त्यामुळे चिकटविण्याचे काम अधिक जपून करावे लागते. चकतीचा टवका उडाला तर ती सहसा बदलावीच लागते. वय वाढून हिरडी वर सरकली की जोड उघडा पडतो, आणि जोडापाशी कीड शिरू शकते. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर हा विचारच करू नये. पुढे शेजारचे दात पिवळट झाले तरी पोर्सेलिनचा रंग बदलता येत नाही. आणि ज्याला एकदा व्हिनिअर बसला त्याला तो जन्मभर लागतो. पंचविशीत बसविला तर सत्तरीपर्यंत निदान तीन वेळा बदलावयाचा, प्रत्येक वेळी खर्च करावयाचा, आणि प्रत्येक वेळी खालचा दात थोडा आणखी उणा व्हावयाचा.

या कलेचा इतिहासही मी टिपणीला जोडला. तो मोठा मौजेचा आहे. १९२८ साली कॅलिफोर्नियात चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्याने चित्रपटातल्या नटनट्यांसाठी दातांवर बसवावयाच्या पातळ चकत्या केल्या. त्या चित्रीकरणापुरत्या चिकटवीत आणि काम संपले की काढून ठेवीत. त्या लावून जेवता येत नसे. १९५५ साली रॉचेस्टरच्या मायकेल ब्युओनोकोर यांनी असे पाहिले, की कारखान्यांत धातूवर रंग धरावा म्हणून त्याला फॉस्फरिक आम्ल लावतात. तेच एनॅमलला लावले तर त्यावर राळ घट्ट धरते. पुढे १९८३ च्या सुमारास पोर्सेलिनलाही आतून आम्लाने खरखरीत करण्याची युक्ती निघाली आणि व्हिनिअर कायमचा झाला. ते दुसरे आम्ल कोणते? हायड्रोफ्लोरिक. ज्या फ्लोरिनने माझ्या मुलीचा दात डागाळला, त्याच फ्लोरिनचे बोट धरून चिनीमाती त्या दाताला चिकटणार होती!

शेवटी थोडे तत्त्वज्ञानही घातले. सौंदर्याच्या कल्पना बदलत असतात. आमच्याकडे पूर्वी सवाष्णी दातवण लावून दात काळे करीत आणि ते काळे दात सौभाग्याचे वाटत. जपानातही काळे दात हे कुलीन स्त्रियांचे लेणे होते. ते १८७० साली तेथल्या सरकारने सरदार घराण्यांना बंद करावयास लावले. आज पांढऱ्याची चलती आहे. उद्याचे कोणी सांगावे? तेव्हा निरोगी, बळकट आणि न किडलेले दात केवळ लोकांच्या नजरेसाठी खरवडणे योग्य दिसत नाही, असा अभिप्राय लिहून मी खाली सही केली. सही सवयीने केली. तिची जरूर नव्हती.

मुलीने तो कागद शांतपणे वाचला. तिला हसू आले असावे, कारण तिने तोंडावर हात ठेवला. मग तो हात तसाच ठेवून ती म्हणाली, "बाबा, यात एक रक्कम राहिली आहे."

"कोणती?"

"हा हात. अठरा वर्षे मी तो इथे धरते आहे. हसताना, जांभई देताना, कोणी फोटो काढू लागले की. कामाच्या बैठका आता पडद्यावर असतात. दिवसभर कोपऱ्यात माझाच चेहरा मला दिसत असतो. तेव्हा मी हनुवटी हातावर टेकवून बसते. लोकांना वाटते, ही फार विचार करते. हा खर्च तुम्ही कोणत्या रकान्यात धरलात?"

मी तिच्याकडे पाहिले. अठरा वर्षे तो हात माझ्या डोळ्यांसमोर होता आणि तो तिचा स्वभाव आहे असे मी समजत आलो होतो. लाजाळू आहे, आजीवर गेली आहे, असे पाहुण्यांना सांगतही आलो होतो. एका बाजूची सबंध वही न उघडता मी ताळेबंद मांडला होता आणि खाली सही ठोकली होती. शिवाय 'लोकांच्या नजरेसाठी' असे मी लिहिले होते. माझे दात पांढरे आहेत. लोकांच्या नजरेला कमी लेखणे मला कधीच महाग पडलेले नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे दंडीश्वराच्या देवळापर्यंत चालत गेलो. यमाचा हिरावला गेलेला दंड त्याला येथे परत मिळाला, अशी या देवाची कथा सांगतात. बढती अडलेल्या माझ्या एका सहकाऱ्याची म्हणूनच या देवावर फार श्रद्धा. मी मात्र त्या दिवशी उरलासुरला अधिकार देवळाच्या पायरीशी ठेवावा अशाच मनःस्थितीत होतो. परतताना, तलावाच्या कडेने, मी तिला हातपंपाची हकीकत सांगितली. अर्ज मी लिहिला, मंजुरी मी आणली, आणि पाणी तपासा असे एक ओळ लिहिण्याचे मला सुचले नाही, हे सर्व सांगितले. वाटले होते, ती गप्प होईल किंवा रडेल.

ती म्हणाली, "पंप तुम्ही आणलात हे मला ठाऊक आहे. आजी पाणी हापसताना रोज सांगायची, 'हे तुह्या बापानं आणलं.' मला वाटायचे, बाबा त्या लोखंडातच राहतात. मी दुपारी जाऊन त्याच्याशी बोलायची."

मला काही बोलता आले नाही. तलावावरून वारा येत होता. थोडे पुढे गेल्यावर तिनेच विषय बदलला आणि म्हणाली, "तुमची उजवी बाजू मात्र मला पटली. आठ दात खरवडायचे नाहीत."

पुन्हा आम्ही तो जिना चढलो, तेव्हा तिने दंतवैद्य बाईंपुढे माझाच कागद ठेवला. बाईंनी तो लक्षपूर्वक ऐकून घेतला, कारण त्यांना तो वाचता येत नव्हता. मग त्या म्हणाल्या की त्यांचाही विचार तोच होता: आधी सर्वांत कमी नुकसानीचा उपाय, त्याने भागले नाही तरच पुढचा. त्यांनी प्रथम सौम्य आम्लात कालविलेल्या प्युमिस दगडाच्या पुडीने दातांचा अगदी वरचा थर घासला. व्हिनिअरला लागते त्या मानाने हे खरवडणे फारच थोडे. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा हे केले, आणि मग उजळविण्याचे औषध लावले. कडेच्या चार दातांचे पट्टे त्याने इतके फिके झाले की सांगितल्याशिवाय दिसू नयेत. मधल्या चारांवरचे खोल होते. ते हटले नाहीत. त्या चारांना व्हिनिअर बसवावयाचे ठरले. एका दातामागे जो खर्च होता त्यात गावी माझ्या आईचे वर्षभराचे घर चालले असते. पण तो मी बोलून दाखविला नाही, कारण तो हिशेब माझा नव्हता.

व्हिनिअर बसविताना मी बाहेर बाकावर होतो. खिडकीतून उड्डाणमार्गावरचे रेल्वे-स्थानक दिसत होते. दर गाडीला माणसे उतरत होती. कोण कोठल्या गावचे, हे त्यांच्याकडे पाहून कोणालाही सांगता आले नसते. पूर्वी आमच्याकडे एखाद्याचा गुण किंवा अवगुण दिसला की 'त्या गावचे पाणीच तसे' असे म्हणत. वेलचेरीत आम्ही वीस लिटरच्या कॅनमधले पाणी पितो. त्या पाण्याला गाव नाही. ते कोणाच्या दातावर चांगली किंवा वाईट, कसलीच खूण ठेवणार नाही, आणि हे बरेच आहे असे आता मी म्हणतो. गावाची खूण मुलांच्या अंगावर असावी असे ज्याला वाटते, त्याने ती आधी स्वतःच्या अंगावर घेऊन पाहावी.

ती बाहेर आली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. कार्तिकातला येथला पाऊस कोणाचे ऐकत नाही. जिन्याखाली उभे राहून मी तिला म्हटले, "दाखव पाहू." तिने दाखविले. पाटीवरच्या चेहऱ्यासारखे ते दात नव्हते. बाईंनी रंग निवडताना शेजारच्या दातांशी जमवून थोडा पिवळसर छटेचा निवडला होता; तिच्याच तोंडातले वाटत होते. मग मला खालचे दिसले. खालच्या दातांवरचे तपकिरी पट्टे जसेच्या तसे होते.

"खालचे राहिले का?"

"खालचे दिसत नाहीत फारसे," ती म्हणाली. "मोठ्याने हसले तरच. ते आजीचे राहू देत."

आता या गोष्टीला चार महिने झाले. चिक्की आणि ऊस पुढच्या दातांनी तोडावयाचा नाही, एवढे पथ्य तिला आहे; आणि दहा-पंधरा वर्षांनी हे काम पुन्हा काढावे लागेल हे तिने डायरीत लिहून ठेवले आहे. मला विचाराल तर माझा कागद अजूनही खोटा नाही. धडधाकट दात केवळ पाटीवरच्या चेहऱ्यासारखे दिसावेत म्हणून खरवडून घेणाऱ्याला मी आजही तोच कागद दाखवीन. मात्र त्यावर मी आता एक ओळ वाढविली आहे: ज्याचा दात आहे त्याला विचारल्याखेरीज ताळेबंद मिटवू नये.

परवा धाकट्याने जेवताना काही तरी विनोद केला. ती खळखळून हसली. सवयीने तिचा हात वर निघाला, अर्ध्या वाटेत थांबला आणि काय करावे हे न सुचून पाण्याच्या भांड्याकडे गेला. तिने ते लक्षात आणून दिले नाही, मीही दिले नाही. खालचे दात मात्र सगळे दिसले.